रंगाखालचा रंग: जुनी फोर-बाय-फोर पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी

पहिली जुनी फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी, बघायला गेलो तेव्हा मी टायर बघितले, बॉनेट उघडून जाणकारासारखी मान डोलावली आणि व्यवहार करून मोकळा झालो. गाडी नुकतीच रंगवलेली होती, हिरवीगार, चकाचक. सहा महिन्यांत मागच्या चाकावरचा रंग फुगला. स्क्रूड्रायव्हरने टोचून बघितलं तर आत पत्राच नव्हता. होती नुसती पुट्टी आणि तिला धरून ठेवायला मागे तारेची जाळी. तेव्हापासून नव्या रंगाची गाडी दिसली की मी आधी वाकून खाली बघतो. त्या दिवशीच्या माझ्यासारख्या माणसाच्या हाती काही तरी असावं म्हणून हे लिहितोय.

आधी ओढ नक्की कशाची ते ओळखा

स्पोर्ट्स कार पहिल्या दिवसापासून कौतुकात वाढते. तिला गॅरेज मिळतं, अंगावर पांघरूण मिळतं. जीप किंवा लँड रोव्हर मात्र राबवायलाच घेतलेली असते. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्डने मिळून सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. त्या बांधताना पुढे कुणी त्या हौसेने जपेल असा विचार कुणाच्या मनातही नव्हता. लँड रोव्हरचंही तेच. रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स आपल्या शेतावर युद्धातली जुनी जीप वापरत होते आणि तिच्या जागी काय घ्यायचं या प्रश्नातून ही गाडी जन्मली. १९४७ मध्ये तयार झालेला पहिला नमुना जीपच्याच चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, होता आणि त्याचं स्टिअरिंग ट्रॅक्टरसारखं मधोमध होतं. १९४८ च्या एप्रिलमध्ये ती आम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात आली. युद्धानंतर पोलादाची टंचाई होती आणि अ‍ॅल्युमिनियम मात्र मिळत होतं, म्हणून बॉडी बर्माब्राइट नावाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची झाली. पॅनल सरळसोट, कारण ते वाकवायला महागडे साचे परवडणारे नव्हते. आज आपल्याला देखणं वाटतं ते रूप मुळात काटकसरीचं आहे.

अशा गाडीला मालक मिळत गेले तसे प्रत्येकाने तिला आपल्या कामाला जुंपलं. एकाने मागे हुक वेल्ड केला, दुसऱ्याने डॅशबोर्डला रेडिओसाठी भोक पाडलं, तिसऱ्याने मोठे टायर बसवण्यासाठी मडगार्ड कापले, चौथ्याने इंजिनच बदललं. म्हणून लाखोंनी बनलेली गाडीसुद्धा जशी कारखान्यातून निघाली तशी क्वचितच सापडते. चाळीस-पन्नास वर्षांत चार-पाच माणसांनी हात आवरला, तेव्हा कुठे एक गाडी शाबूत राहिली. संग्राहक पैसे मोजतो ते त्या आवरलेल्या हातांचे.

दुसरंही एक कारण आहे, ते मला जास्त जवळचं वाटतं. या गाड्या डोळ्यांनी वाचता येतात. क्लचच्या पेडलपासून निघालेला दांडा कुठे जातो, ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीचा) लिव्हर कशाला ओढतो, हे खाली झोपून बोटाने दाखवता येतं. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाहीत. ज्याला हाताने काम करायला आवडतं त्याला ही गाडी सोडवत नाही.

कोणती घ्यायची

सुरुवातीला सगळ्याच आवडतात, हे गृहीत धरूया. तरी स्वभाव वेगळे असतात. लँड रोव्हरच्या सिरीज गाड्या (सिरीज वन १९४८ पासून, टू १९५८ पासून, थ्री १९७१ पासून) संथ, कडक आणि पाझरणाऱ्या. इंजिनखाली तेलाचा थेंब दिसला की काळजी करू नका, तो दिसायचा बंद झाला की करा, कारण मग आत तेलच उरलेलं नसतं. टोयोटाची एफजे४० (१९६० ते १९८४) जाड हाडापेराची आहे. तिचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन सहजी दमत नाही, पण पत्र्याला गंजाची खोड. फोर्डची पहिल्या पिढीची ब्रॉन्को (१९६६ ते १९७७) आणि इंटरनॅशनलची स्काउट अमेरिकन मोकळेपणाच्या. ब्रॉन्कोत मागची मडगार्ड न कापलेली असली तर तिला 'अनकट' म्हणतात आणि तेवढ्या एका शब्दावर भाव चढतो. १९७० ची रेंज रोव्हर कॉइल स्प्रिंग आणि कायम चारही चाकं ओढणारी, तेव्हाच्या मानाने मऊ गाडी. लाडा निवा (१९७७) तर वेगळी चासी नसलेली. सुझुकीची एलजे१० (१९७०) ३५९ सीसीच्या दोन सिलिंडरच्या टू-स्ट्रोक इंजिनावर डोंगर चढायची. तिच्याकडे बघून कुणाला हसू आलं तर त्याला मागच्या सीटवर बसवून एक चढण दाखवावी.

माझं मत विचाराल तर पहिली गाडी रूपावरून निवडू नका. तिचे सुटे भाग आजही बनतात का आणि तिची माहिती असलेली माणसं जवळपास आहेत का, हे आधी बघा. ऑइल सीलसाठी, म्हणजे तेल अडवणाऱ्या एका रबरी कडीसाठी, वर्षभर थांबावं लागलं तर हौस मावळते.

आणि युद्धातली जीप पहिल्यांदाच घेऊ नका, असं मी सांगेन. गाडी वाईट आहे म्हणून नव्हे, तर ती ओळखणं कठीण आहे म्हणून. विलीजची एमबी आणि फोर्डची जीपीडब्ल्यू दिसायला जुळ्या बहिणी. सैन्याच्या वर्कशॉपमध्ये चार मोडक्या गाड्यांतून तीन चालू गाड्या काढायच्या, तेव्हा कोणाचा बोल्ट कोणाला लागला याची पर्वा कुणाला असणार? फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, वळणदार 'एफ' अक्षर ठोकलं होतं. आजचा हौशी माणूस तासन्‌तास ते 'एफ' शोधत बसतो. यातली एक खूण नव्या माणसालाही पटकन जमते. रेडिएटरखाली, चासीच्या अगदी पुढच्या आडव्या भागाकडे बघा. विलीजमध्ये तो गोल नळीचा असतो, फोर्डमध्ये उलट्या यू आकाराचा. फोर्डने नंबर चासीवरच ठोकलेला, विलीजने पट्टीवर. पट्टी एका गाडीची काढून दुसरीला लावता येते, हे विसरू नका. आणि समोरच्या जाळीत नऊऐवजी सात खाचा असल्या, मागे उघडणारी फळी असली, तर ती युद्धातली नाहीच. ती बहुधा १९४५ पासून निघालेली नागरी सीजे-२ए किंवा तिच्या नंतरची जीप असणार, रंग कितीही लष्करी असो.

बघायला जाण्यापूर्वी

फोनवर दोनच गोष्टी मागा. चासी नंबरचा आणि कागदपत्रांचा फोटो, आणि 'मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका' एवढी विनंती. दोन्ही नंबर जुळत नसतील तर जाऊच नका. कागद नंतर होतील असं सांगणाऱ्याला ते आपल्याआधी का झाले नाहीत ते विचारा.

सोबत घ्यायचं ते असं: चुंबक, चांगला टॉर्च, लहान आरसा, स्क्रूड्रायव्हर, चिंधी आणि मळले तरी चालतील असे कपडे. कपडे महत्त्वाचे. शर्ट जपणारा माणूस गाडीखाली झोपत नाही आणि पुढे तेच महागात पडतं.

अंगावरून हात फिरवताना

रंगारी जिथे पोहोचत नाही तिथे बघायला सुरुवात करा. ग्लव्ह बॉक्सच्या आत. डॅशबोर्डच्या मागे आरसा धरून. सीट उचलून तिच्या खाली. दाराच्या बिजागरीच्या पाठीमागे. बॅटरी ठेवायच्या तबकाखाली. गाडी बाहेरून हिरवी आणि डॅशमागे फिकट निळी असेल तर ती कधी तरी निळी होती. त्यात गुन्हा काही नाही, पण 'मूळ रंग आहे हो' असं सांगणाऱ्याचं बाकीचं बोलणंही त्याच मापाने मोजायचं.

चुंबक पोलादी पत्र्यावर फिरवा, जिथे तो सुटतो तिथे पुट्टी आहे. पण लँड रोव्हरवर चुंबक काढून मालकासमोर हसं करून घेऊ नका, अ‍ॅल्युमिनियमला तो चिकटतच नाही. लँड रोव्हरची बॉडी लाल गंजत नाही, मात्र अ‍ॅल्युमिनियम जिथे पोलादाला टेकतं तिथे पांढरी भुकटी धरते आणि धातू पोखरला जातो. दाराच्या खालच्या कडा म्हणून बघायच्या. खरं दुखणं चासीत असतं. सिरीजची चासी चार सपाट पट्ट्या वेल्ड करून केलेल्या पोकळ पेटीसारखी आहे. पाणी आणि चिखल आत शिरून ती आतून सडते आणि बाहेरून शेवटपर्यंत धडधाकट दिसते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. घट्ट पत्रा टणटण वाजतो, सडलेला भद्द करतो. मागचा आडवा भाग, बॉडीला धरणारे बाजूचे हात आणि समोर पाटे जिथे टांगलेत ती टोकं, एवढं नीट ठोका. इंजिन आणि पाय ठेवायची जागा यांच्यामधली भिंत पोलादी असते, तिच्या पायथ्याशी आणि दाराच्या खांबांत बोट घालून बघा. चासीवर काळा डांबरासारखा जाड लेप नुकताच दिलेला असेल तर मी सरळ विचारतो, 'काय झाकलंय?' हसण्यावारी नेलं की उत्तर मिळालं.

एफजे४०मध्ये छताची पन्हळ, काचेची चौकट, दाराखालचे उंबरे आणि मागचे कोपरे हे ठरलेले गंजाचे अड्डे. स्काउट घेणार असाल तर गंज आहे असं धरूनच चालायचं, किती आहे एवढंच मोजायचं.

मूळ, नवी केलेली आणि नाटकी

इथे थोडं थांबू, कारण नवखा माणूस फसतो तो इथेच.

जपलेली गाडी आणि 'रिस्टोअर' केलेली गाडी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुसरीत वाईट काही नाही, उत्तम काम झालेल्या गाड्या आहेत. पण रिस्टोरेशन पुन्हा पुन्हा करता येतं, मूळपण एकदाच असतं. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिव्हाने, ट्यूरिन चार्टर नावाच्या दस्तऐवजात आधी जतन आणि अगदी गरज पडलीच तर पुनर्निर्मिती असाच क्रम घातला आहे. उत्पादनातल्या पहिल्या लँड रोव्हरची गोष्ट यासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. ८६०००१ चासी नंबरची ही गाडी इंग्लंडच्या नॉर्थम्बरलंडमध्ये शेतात वर्षानुवर्षं उघड्यावर पडून होती. ती उभी करणाऱ्यांनी नवी बॉडी चढवली नाही. डाग, डेंट, उडालेला रंग शक्य तितका तसाच राखून तिला पुन्हा चालती केली.

आता यात चलाखीही शिरली आहे. झिजलेल्या रंगाला किंमत येते म्हटल्यावर लोक मुद्दाम रंग घासू लागले. ओळखायची कशी? खरी झीज कारणाने होते. एक एफजे४० मी बघितली होती, बाहेरून अगदी उन्हात करपलेली. आत डोकावलो. दाराच्या कडेवरचा रंग कोपर टेकतं तिथे शाबूत आणि कोपर कधी पोहोचणार नाही तिथे उडालेला. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड, जी चढता-उतरता सगळ्यात आधी फाटते, ती नवीकोरी. क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत, आणि मीटर म्हणे एवढं-तेवढंच फिरलेलं. प्रत्येक खूण वेगळं वय सांगत होती. चांगल्या गाडीत पेडल, सीट, स्टिअरिंगची पकड, दाराची मूठ, चावीभोवतीचे ओरखडे, सगळे एका आवाजात बोलतात. काचांवरचे शिक्के बघा, चारही एका जमान्याचे आहेत का. स्क्रूच्या खाचा बघा: कधीच न उघडलेल्या स्क्रूच्या खाचेत मूळ रंग भरलेला असतो. असा एक स्क्रू मला चकाचक बॉनेटपेक्षा जास्त सांगून जातो.

मीटरच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. पाचच आकडे असलेलं मीटर एक लाखाला पुन्हा शून्यावर येतं.

यंत्राकडे

एकदा मी पोहोचलो तेव्हा मालक काका दारातच म्हणाले, 'तुमचा वेळ जाऊ नये म्हणून गरम करून ठेवलीय.' हात लावला तर इंजिन चांगलंच तापलेलं. मी म्हटलं, 'काका, मी उद्या सकाळी येतो, तेव्हा थंडच राहू द्या.' दुसऱ्या दिवशी ती सुरूच होईना. जुन्या इंजिनाची अर्धी कुंडली थंड अवस्थेत सुरू होताना कळते. एक्झॉस्टमधून निळसर धूर आला तर तेल जळतंय. पांढरी वाफ गरम झाल्यावरही थांबली नाही तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधल्या पातळ बंदिस्तीचा, संशय घ्या. तेल भरायच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर संशय वाढवा. जमल्यास कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून घ्या. आकडा किती आहे त्याहून सगळ्या सिलिंडरचे आकडे एकमेकांजवळ आहेत का, हे महत्त्वाचं.

पुढचं चाक जॅकवर उचला, वर-खाली धरून हलवा. खडखड झाली तर बेअरिंग किंवा किंगपिन (चाक ज्यावर वळतं ती खुंटी) झिजलंय. लँड रोव्हरच्या पुढच्या ॲक्सलच्या (दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या) टोकाला चकचकीत क्रोमचे गोळे असतात. त्यांवर खड्डे पडले की सील कितीही बदला, तेल गळणारच. एफजे४० पूर्ण वळवून हळू चालवा. पुढून कट-कट आवाज आला तर ॲक्सलचे जॉइंट गेलेत.

फोर-व्हील तपासायचं ते मोकळ्या मातीवर. यातल्या बहुतेक गाड्यांत पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोघांना वेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, नसतं. वळताना दोन्ही ॲक्सल वेगळ्या वेगाने फिरू बघतात आणि कोरड्या डांबरावर चाक घसरायला जागाच नसते. मग सगळा ताण गिअरमध्ये साठतो, लिव्हर अडकतो, क्वचित काही तरी तुटतंही. 'रस्त्यावरच लावून दाखवतो' म्हणणाऱ्या मालकाला हे माहीत नसेल, तर गाडी आजवर कशी वापरली गेली याचा अंदाज करा. पुढच्या चाकांवर फिरवायचे हब (चाक ॲक्सलला जोडणारे-सोडवणारे खटके) असतील तर ते हाताने फिरतात ना, तेही बघा.

ब्रेक जुनेच असणार, गाडी थांबायला वेळ घेईल. घाबरू नका, पण एका बाजूला ओढत असेल तर नोंद करा.

घरी आणल्यावर

पहिला महिना गाडी सजवू नका, धुऊही नका फारशी. सगळीकडून फोटो काढा, अगदी वायरिंगचेसुद्धा, कोणती वायर कुठे जाते ते पुढे हमखास विसरायला होतं. मग सुरक्षेचं सामान बदला: ब्रेकचे रबरी पाइप, ब्रेक ऑइल, पेट्रोलच्या नळ्या, टायर. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते, २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. खाचा खोल दिसल्या तरी म्हातारं रबर फसवतं. आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या नळ्या आणि कार्ब्युरेटरमधली रबरं फुगतात किंवा चिरतात, तेव्हा इथेनॉल सोसणारी घ्या. ब्रेक ड्रम उघडले तर आतली धूळ कॉम्प्रेसरने कधीही उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसांना घातक. ओल्या फडक्याने पुसायची.

बॅटरी जोडण्याआधी प्रणाली कोणती ते बघा. युद्धातली जीप सहा व्होल्टची आहे. जुन्या लँड रोव्हरमध्ये प्लस टोक अर्थला असतं, सवयीने उलटं जोडलं तर धूर निघतो.

काढलेला प्रत्येक मूळ भाग पिशवीत घालून नाव लिहून ठेवा, मोडका असला तरी. मी एका गाडीच्या दारावरची पुसट स्टेन्सिलची अक्षरं 'जरा स्वच्छ करू' म्हणून पॉलिशने घासली. अर्ध्या तासात दार छान चमकू लागलं आणि अक्षरं गेली. ती कोणत्या खात्याची होती हे आता गाडीलाही सांगता येणार नाही. बाकीची तिन्ही पॅनलं मी तेव्हापासून फक्त ओल्या फडक्याने पुसतो.

गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर बॅटरीची तार काढा, टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा, आणि जमेल तेव्हा थोडी पुढे-मागे ढकला. तेल आणि सील वापराने टिकतात, म्हणून अधूनमधून पूर्ण गरम होईपर्यंत चालवलेली बरी. पाच मिनिटं जागेवर सुरू ठेवून बंद केली तर एक्झॉस्टमध्ये पाणी साठतं आणि तो आतून गंजतो. आणि उंदीर. एका पावसाळ्यानंतर माझ्या गाडीच्या एअर फिल्टरमध्ये घरटं निघालं, तेही मूळ सीटच्या आतलं भरण कुरतडून आणून केलेलं. आता मी फिल्टरच्या तोंडावर बारीक जाळी बांधतो. ती काढायची राहू नये म्हणून चिठ्ठी किल्लीलाच अडकवलेली असते.